डोंगरकड्याची विंगर

बर्फावरची हॉकी खेळणारी एक मुलगी बघायला मी हिंगोली जिल्ह्यात गेले होते, असं सांगितलं की पुण्यातली माझी माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "तिथं बर्फ कुठला?" बर्फ नाहीच. रसवंतीच्या पेटीत असतो तेवढाच. पण मुलगी आहे, आणि तिच्यासाठी मी नांदेडची गाडी पकडली.

मी स्वतः बरीच वर्षं गोलकीपर होते. आता पुण्यात पोरांना चाकांच्या बुटांवरची हॉकी शिकवते. आपल्याकडे बर्फावरची हॉकी मुख्यतः लडाखकडे, तीही थंडीत तळी गोठल्यावर. बाकी वर्षभर आम्ही सपाटीवरची माणसं सिमेंटवर चाकं घासत त्याचाच सराव करतो. गेल्या हिवाळ्यात लडाखच्या शिबिरात समता नावाची एकोणीस वर्षांची मुलगी आली होती. राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी. तिच्या खेळाचं चित्रण फिरत फिरत आन्नीपर्यंत पोचलं. आन्नी माझी जुनी मैत्रीण, फिनलंडमधल्या एका लहान गावच्या क्लबची प्रशिक्षक. तिला एक विंगर हवी होती. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारी, भिंतीपाशी पक, म्हणजे ती रबरी चकती, पकडून गोलकडे नेणारी खेळाडू. पगार मिळणार होता, राहायची सोय होती.

"वेग मला दिसतो," आन्नी फोनवर म्हणाली. "पण कॅमेरा फक्त पकच्या मागं फिरतो. पक जवळ नसताना ही मुलगी काय करते, ते तू जाऊन बघ. मग मला हो किंवा नाही सांग."

दिवाळी उलटून गेली होती. मी बुटांची पिशवी खांद्याला लावली आणि निघाले.

वारंगा फाटा

नांदेडहून एसटीनं निघालं की अर्धापूरच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगाला केळीच्या बागा लागतात. मराठवाडा म्हणजे उघडाबोडका मुलूख असं माझ्या डोक्यात बसलेलं होतं, ते त्या हिरव्या पानांनी तिथंच पुसून टाकलं. डोंगरकडा मागं टाकून मी फाट्यापर्यंत गेले, कारण समताच्या वडिलांनी तसंच सांगितलं होतं. त्यांचं तिथं टायरचं दुकान आहे.

उत्तमराव हवा भरत होते. मला बघून त्यांनी नळी हाताखालच्या पोराकडे न देता तशीच हातात धरून नमस्कार केला, तिच्यातून हवा फुसफुसत राहिली.

"जय भीम मॅडम. बसा. आधी खाऊन घ्या, मंग हॉकी."

शेजारच्या टपरीवरून सुसला आला. चुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर दाण्याचं कूट. पोह्यांचा हा भाऊ मला इतकी वर्षं कुणी भेटवला नव्हता. मी दुसरी बशी मागितली तेव्हा उत्तमरावांचा चेहरा फुलला. पुण्यात पाहुण्यानं दुसऱ्यांदा मागितलं की घरचे आत जाऊन पातेल्यात बघतात. इथं मागितलं नाही तर वाईट वाटून घेतात.

चहा आल्यावर ते मुद्द्यावर आले.

"एक इचारू का मॅडम? ती तिकडं जाईन, खेळंन, समदं बराबर. पण ते किती दिस चालंन?"

"पहिला करार एका मोसमाचा असतो."

"म्हंजी एका हिवाळ्याचा." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "काय हाय, तिची पोलीस भरतीची तयारी झालीय. पळण्यात तिला कोनी गाठू शकत न्हाई. मैदानी चाचणी दोन म्हैन्यात येऊन राहिली. नाव लागलं तर रिटायर होईपर्यंत काळजी न्हाई. आता तुमीच सांगा, हातातलं सोडून बरफावर काहून जावं?"

मी म्हटलं, "आधी बघू द्या मला. माझंच उत्तर 'नाही' निघालं तर प्रश्नच मिटला."

ते हसले, पण माझ्या लक्षात आलं की मी नाही म्हणावं असं त्यांना अर्धंच वाटत होतं. उरलेलं अर्धं मन दुकानाच्या भिंतीवर होतं. तिथं समताचा हेल्मेट घातलेला फोटो एका टायर कंपनीच्या कॅलेंडरच्या शेजारी, त्याच्याहून वर, टांगलेला होता.

डोंगरकडा

समताची आई वंदनाताई आरोग्य केंद्रात नर्स आहेत. कमी बोलतात, आणि बोलण्याआधी माणसाला नाडी बघितल्यासारखं बघून घेतात. त्यांनी जेवायला येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, भाकरी आणि ठेचा वाढला. आमटीचा पहिला घोट घेऊन मी ठसकले. समता पाणी घेऊन धावली आणि म्हणाली, "मम्मी, मी म्हनलं व्हतं ना, पुण्याचं तिखट येगळं असतं."

"पुण्याचं तिखट गोड असतं," वंदनाताई म्हणाल्या. गुळाचा खडा त्यांनी ताटात आधीच ठेवलेला होता.

समता उंचीनं बेताची, खांद्यात रुंद. बसलेली असली तरी पाय हलत असतात. शाळेत असताना शिंदे सर नावाच्या क्रीडाशिक्षकांनी कुठून तरी जुन्या चाकांच्या बुटांचे जोड मिळवून हॉकी सुरू केली, तिथून हिचा प्रवास. लडाखला जाईपर्यंत तिनं गोठलेलं पाणी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. "पहिल्या दिवशी लई पडले," ती म्हणाली. "मग कळलं, सोयाबीन सांडलेल्या रस्त्यावर चाकं चालवतो तसंच हाय. घाई केली की गेलंच."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी घरची सगळी विहारात वंदनेला गेली, मीही गेले. वंदना झाल्यावर समता तिथल्या लहान मुलींना रांगेत उभं करून खिचडी वाढत होती. सगळ्यांना वाढून झालं तेव्हा पातेल्यात खरवड उरली होती, ती तिनं उभ्या उभ्या खाल्ली. मी बघितलं, पण त्याचा हॉकीशी संबंध जोडायचा मोह टाळला. घरी चांगली असलेली माणसं मैदानात भलतीच निघालेली मी पुष्कळ पाहिली आहेत.

नंतर आम्ही गावाबाहेरच्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर सरावाला गेलो. तिचा वेग खरोखर बघण्यासारखा होता. चार ढांगांत ती माझ्यापुढून नाहीशी व्हायची. डावीकडून उजवीकडे वळताना शरीर जमिनीला टेकेल इतकं कलायचं, आणि स्टिक मात्र हातात मऊ, चमच्यासारखी. मी तिला पक नेता नेता माझ्या बोटांकडे बघून आकडा ओरडायला सांगितलं. तीन बोटं दाखवली, ती गप्प. पाच दाखवली, तरी गप्प. ती पक बघत होती, फक्त पक.

"वर बघ, समता."

"वर बघितलं की पक निसटतो, ताई."

"निसटू दे."

तिला ते पटलं नाही. तिला दाखवावं म्हणून मी स्वतः उतारावरून निघाले, मान वर, छाती पुढं, अगदी पुस्तकातल्यासारखी. वळणावर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. थांबायला जागा नव्हती. मी आरडत कळपात शिरले, मेंढरं दोन्हीकडे फाटली, आणि मी एका मऊ, वास मारणाऱ्या पाठीवर आडवी झाले. मेंढीला काही झालं नाही. माझा गुडघा सोलला.

कळपामागून पटका बांधलेले एक म्हातारेबुवा शांतपणे चालत आले. त्यांनी माझे बूट पाहिले, मग मी आले त्या दिशेला पाहिलं.

"काहून पळून राहिल्या, बाई? मागं कोन लागलंय?"

समता रस्त्यातच बसून हसत होती. वंदनाताईंनी नंतर गुडघ्याला औषध लावताना एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. गावात अशा बातमीला बूट लागत नाहीत.

त्या संध्याकाळी माझं मत जवळजवळ ठरलं होतं. वेग आहे, हात आहेत, नजर नाही. मान खाली घालून खेळणारी विंगर परदेशात पहिल्याच आठवड्यात जबर आपटते. आन्नीला 'नाही' म्हणून कळवायचं, आणि या मुलीला निश्चिंतपणे भरतीला जाऊ द्यायचं. एकाच गोष्टीची मला चुटपुट होती. मी तिला अजून सामन्यात बघितलं नव्हतं.

जवळा बाजार

सामना शिंदे सरांनी ठरवला होता, त्यांच्या गावी, जवळा बाजारला. आठवडी बाजाराचा दिवस सोडून. नांदेडहून मुलींचा एक संघ येणार होता. आम्ही वसमतवरून गेलो. रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांतून उडालेला कापूस बाभळींना लटकला होता. क्षणभर मला वाटलं, बर्फ म्हणावा असा इथं हाच.

मैदान म्हणजे एका आडत व्यापाऱ्याचं माल वाळवायचं मोठं सिमेंटचं अंगण. कडेला भिंत हवी म्हणून भुसा भरलेली पोती लावली होती. बर्फावर भिंतीला आपटून पक परत येतो, इथं पोत्याला लागला की तिथंच झोपायचा. सोयाबीन झाडून काढलं होतं, पण सगळं थोडंच निघतं. दर काही वेळानं एखादी मुलगी चाकाखाली दाणा येऊन सपशेल बसायची आणि लोक "दाना, दाना" असं ओरडायचे. लोक भरपूर होते. पोत्यांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भिंतीवर.

समताच्या संघातल्या बाकीच्या मुली नवख्या होत्या. त्यांतली रुकय्या ही शिंप्याची मुलगी, तिला बूट घालून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. पण ती दरवेळी मोकळ्या जागेत जाऊन उभी राहायची आणि स्टिक जमिनीवर ठेवून वाट बघायची. कुणीतरी तिला तेवढं नीट शिकवलं होतं.

पहिल्या अर्ध्यात समतानं एकटीनं तीन गोल केले. पक घ्यायचा, कडेनं सुटायचं, दोघी-तिघींना चुकवायचं, मारायचा. ट्रॉलीतली माणसं नाचत होती. उत्तमराव फाट्यावरून दुकान बंद करून आले होते, तेही नाचत होते. मी रुकय्याकडे बघत होते. ती प्रत्येक वेळी मोकळी होती, आणि तिच्याकडे एकदाही पक आला नाही.

मध्यंतरात मी समताला बाजूला घेतलं. ती घामानं निथळत होती आणि कौतुक ऐकायला तयार होती.

"असंच खेळलीस तर मी आन्नीला 'नाही' म्हणून कळवणार आहे," मी म्हटलं.

तिला आधी कळलंच नाही. मग चेहरा उतरला, आणि लगेच राग आला.

"काहून? तीन गोल केले ना मी."

"रुकय्या किती वेळा मोकळी होती?"

"ताई, तिला पास दिला तर जाईन कुठं तो? तिला पक थांबवता येत न्हाई अजून. आमी हरू."

"हराल कदाचित."

"मग कशाला द्यायचा?"

"तू जिथं जायचं म्हणतेस, तिथं तूच रुकय्या असशील. सगळ्यांत नवी, सगळ्यांत कच्ची. तुला कुणी पास द्यावा असं वाटेल की नाही?"

ती पाण्याची बाटली रिकामी करून, माझ्याकडे न बघता अंगणात गेली. मला वाटलं, आता मुद्दाम आणखी तीन मारणार.

दुसऱ्या अर्ध्यात तिनं पहिला पक घेतला, कडेनं सुटली, मान वर केली आणि पास दिला. रुकय्याच्या स्टिकवरून तो उडाला आणि नांदेडच्या मुलींनी तो नेऊन गोल केला. ट्रॉलीतून नाराजी आली. तिनं पुन्हा दिला, तो पुन्हा गेला. पण या वेळी मला जे बघायचं होतं ते दिसलं. पक गेल्याबरोबर समता वळली आणि सगळं अंगण कापत मागं आली. आपल्या गोलसमोर आडवी होऊन तिनं तो अडवला. पहिल्या अर्ध्यात ती एकदाही मागं आली नव्हती. आता आपल्या प्रत्येक पासची जबाबदारी तीच घेत होती. द्यायची, हरवला तर धावत जाऊन सोडवायची, परत द्यायची. धापा टाकत होती, पण रुकय्यावर एकदाही ओरडली नाही. "थांब, बघ, आता येतोय," एवढंच म्हणायची.

नांदेडचे गोल चढत गेले, आमचे तीनचे तीन फिटले, वर त्यांचा एक झाला. शेवटाकडे समता कडेनं गेली, दोघी तिच्या अंगावर आल्या, आणि तिनं न बघितल्यासारखा, पण बघूनच, पक पाठीमागून सरकवला. रुकय्यानं तो थांबवला. थांबवून ती स्वतःच इतकी चकित झाली की क्षणभर उभीच राहिली. मग मारला. गोलकीपरच्या पायांमधून तो हळूच आत गेला.

बरोबरी. रुकय्या बूट विसरून पळायला गेली आणि पडली. समतानं तिला उचललं. पुढच्याच चढाईत नांदेडनं आणखी एक गोल केला आणि सामना आम्ही हरलो.

लोक माझ्याकडे बघत होते. पोत्यांवरचे एक गृहस्थ शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले, "पोरगी जिंकून राहिली व्हती. पुन्याच्या बाईनं कानात काय सांगितलं, अन् बिघडलं." हॉटेलात चहा मागितला तर तो सर्वांत शेवटी आला, आणि थंड. शिंदे सर माझी बाजू घेत होते, पण हळू आवाजात. त्यांना त्याच गावात राहायचं होतं.

हॉटेलाच्या मागच्या अंगाला उभं राहून मी आन्नीला फोन लावला. सांगितलं की फटका अजून कच्चा आहे, भिंतीपाशी कशी खेळते ते भुशाच्या पोत्यांवर कळत नाही, आणि मान वर ठेवायला तिला आज दुपारीच जमलंय. पहिल्या संघात यायला वेळ लागेल, कदाचित जमणारही नाही. "पण सांगितलेलं ऐकते, आणि ऐकल्याचा तोटा स्वतः भरून काढते," मी म्हटलं. "घे तिला."

घरी गेल्यावर मी तिघांना तेच सांगितलं, कमी-जास्त न करता. समता हात मांडीखाली दाबून बसली होती.

"भरती परत येईन, पप्पा," ती म्हणाली. "हे परत येनार न्हाई."

"वय निघून जातं, बेटा," उत्तमराव म्हणाले. त्यांचा आवाज फाट्यावरचा नव्हता. मग ते बायकोकडे बघायला लागले.

वंदनाताईंनी मला विचारलं, "तुमची लेक असती तर तुमी धाडली असती का?"

"मला लेक नाही," मी म्हटलं. "पण मी तिच्याएवढी होते तेव्हा मला कुणी बोलावलं असतं, तर मी गेले असते. मला कुणी बोलावलं नाही."

बाहेर कुणीतरी शेळ्या घराकडे आणत होतं, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत गेल्या. मग वंदनाताई उठल्या, कपाट उघडून एक जाड शाल काढली, हातात धरून वजन घेतल्यासारखं केलं आणि पुन्हा ठेवून दिली.

"ही न्हाई पुरायची," त्या म्हणाल्या. "नांदेडला जावं लागंन. तिथं थंडी किती असते हो?"

समता मांडीखालचे हात काढायचंसुद्धा विसरली. उत्तमरावांनी डोळे पुसले आणि टायरचा काळा डाग गालभर पसरवला.

निघताना वंदनाताईंनी माझ्या पिशवीत येसरचं पीठ दिलं, तिखट कमी करून. एसटी केळीच्या बागांमधून चालली तेव्हा माझा गुडघा दुखत होता आणि मी एकटीच हसत होते, त्यामुळे शेजारच्या बाई थोड्या सरकून बसल्या.

समता थंडी संपायच्या आत गेली. पहिले काही सामने तिनं बाकावर बसून काढले. सामने इंटरनेटवर दिसतात. एका संध्याकाळी मी क्लास घेत होते तेव्हा उत्तमरावांचा फोन आला. मागं ट्रकचे हॉर्न आणि पाच-सहा माणसांचा गलका. सगळं वारंगा फाट्याचं दुकान त्यांच्या मोबाइलभोवती जमलं होतं, बोलायला त्यांनी दुसऱ्याचा फोन घेतला होता.

"मॅडम, ती बसूनच हाय."

"बसू द्या. येईल पाळी."

आम्ही दोघं फोन धरून थांबलो. बऱ्याच वेळानं गलका वाढला.

"उतरली," ते म्हणाले. "उतरली बगा. कडेनं चाललीय. पक तिच्याकडं हाय. आता मारती." मग एकदम शांत झालं. "मॅडम, तिनं दुसरीला देऊन टाकला."

"मग?"

"त्या दुसरीनं गोल केला."

मागं कुणीतरी शिटी मारली. उत्तमरावांनी फोन तोंडाशी आणून हळूच विचारलं,

"बराबर केलं का हो तिनं?"

"बराबर केलं," मी म्हटलं.

"तिनं बराबर केलं म्हंत्यात," त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, आणि कुणाच्या तरी गाडीत हवा भरायला गेले.